कुऱ्हाड, दोर आणि परवाना : जिवतीच्या पहाडावर झाड उतरवणाऱ्यांचा दिवस

गडचांदूर मागे टाकून जिवतीचा रस्ता माणिकगडच्या पहाडात शिरला की दोन्ही बाजूंना साग लागतो. उन्हाळ्यात तो निष्पर्ण उभा असतो आणि पायाखाली वाळलेल्या पानांचा आवाज होतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेल्या या तालुक्यात भल्या पहाटे एखादा माणूस खांद्यावर कुऱ्हाड, पाठीवर दोराचे वेटोळे आणि सायकलला बांधलेली करवत घेऊन निघालेला दिसतो. तो वनखात्याचा मजूर नाही, कोणत्या ठेकेदाराचा कायम कामगारही नाही. कोणाच्या तरी बांधावरचे झाड वाळले आहे, कोणाच्या घरावर चिंचेची फांदी आली आहे, कोणाच्या आंब्याला बांडगुळाने ग्रासले आहे. अशा कामाचा निरोप आला की तो जातो. काम झाले की पैसे मिळतात. काम नाही तर पैसेही नाहीत.

पाश्चात्त्य देशांत या व्यवसायाला ‘ट्री सर्जन’ असे भारदस्त नाव आहे. त्यासाठी अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, विम्याची सक्ती आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि झाडांवर उपचार करणे हा स्वतंत्र व्यवसाय असू शकतो, ही कल्पना तिकडे रुजली. आपल्याकडे काम तेच आहे, धोका तोच आहे. नाव मात्र ‘लाकूडतोड्या’ एवढेच. या नावात थोडा अन्यायही आहे. कारण झाड तोडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. झाड हवे तिथे, हवे तसे आणि कोणाचा जीव न घेता खाली आणणे, आणि जे झाड तोडायचे नाही ते जगेल अशा रीतीने छाटणे, हे खरे कसब.

आधी झाड वाचावे लागते

चंद्रपूर जिल्ह्यातील उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. त्यामुळे मार्चपासून जूनपर्यंत झाडावरचे काम उजाडताच सुरू होते आणि दहा-अकराच्या सुमारास थांबते. उरलेले खाली पडलेल्या लाकडाचे काम सावलीत किंवा उन्हे उतरल्यावर. मात्र दिवसाची सुरुवात कुऱ्हाड चालवून होत नाही. जाणकार कारागीर झाडाभोवती आधी दोन-तीन फेऱ्या मारतो. मालकाला वाटते, हा वेळ काढतो आहे. प्रत्यक्षात सर्वांत महत्त्वाचे काम याच वेळी होत असते.

झाड कोणत्या बाजूला झुकले आहे, शेंड्याचा भार कोठे आहे, वारा कोठून येतो, पडताना वाटेत काय आहे, हे तो पाहतो. कुऱ्हाडीचा दांडा खोडावर आपटून आवाज ऐकतो. भरीव खोडाचा आवाज आणि आतून पोकळ झालेल्या खोडाचा आवाज यांत मडके वाजवून घेताना कळतो तसाच फरक असतो. बुंध्याशी अळंबीचे छत्र उगवलेले असेल तर आतले लाकूड कुजले आहे, हे तो ओळखतो. पोकळ झाड दिसायला कितीही डौलदार असले तरी ते कापताना ठरल्या दिशेला पडेल याचा भरवसा नसतो. अशा झाडावर चढायचे की नाही, हा निर्णय त्या दिवसातला सर्वांत मोठा निर्णय असतो. तो त्याला एकट्यालाच घ्यावा लागतो.

मग वरचे शत्रू. फांदीला आग्या मोहोळ लटकलेले असेल तर काम पुढे ढकलण्याखेरीज इलाज नसतो. डिवचलेल्या आग्या माशा थव्याने हल्ला करतात आणि दोराने बांधलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. पाने एकमेकांना चिकटवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, ढोलीत बसलेला साप, वेलीवर वाळलेली खाजकुयली, यांपैकी एकही गोष्ट जीव घेण्यास स्वतःहून पुरेशी नसेल. पण पंचवीस-तीस फुटांवर हात सुटण्यास मात्र पुरेशी असते.

प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा. सालई आणि मोई यांचे लाकूड मऊ आणि ठिसूळ. त्यांची फांदी इशारा न देता तुटते. शेवग्यावर तर मुलेही चढू नयेत, असे प्रत्येक घरात सांगितलेले असते. चिंच चिवट आणि वाकते, म्हणून चढणाऱ्याला तिचा आधार वाटतो. पण तिची आडवी फांदी कापायला घेतली की करवत अडकून बसते. धावडा कुऱ्हाडीची धार घालवतो. ऐन अत्यंत जड. साग सरळ वाढतो, त्यामुळे तो पाडणे तुलनेने सोपे. मात्र सागाची किंमतच अशी की तो आपटून चिरला तर मालकाचे मोठे नुकसान होते आणि त्याचा राग कारागिरावर निघतो.

पाव टनाची फांदी

शहरातील वाचकाला फांदी ही हलकी गोष्ट वाटण्याची शक्यता आहे. साधा हिशेब करून पाहावा. एक फूट जाडीची आणि बारा-तेरा फूट लांबीची ओली फांदी साधारण पाव टन भरते. ती पंधरा-सोळा फुटांवरून सुटली तर जमिनीवर पोहोचेपर्यंत तिचा वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या घरात जातो. खाली कौलारू घर असेल तर कौले, वासे आणि आतील माणसे यांपैकी काहीच सुरक्षित राहत नाही.

म्हणून मोठी फांदी एकदम तोडत नाहीत. तिला वरच्या मजबूत दुबेळक्यातून दोर टाकून बांधतात, दोराचे दुसरे टोक खाली दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरतात आणि फांदी तुटली की वेढे हळूहळू सैल करत ती उतरवतात. दोर धरणारा माणूस वर चढणाऱ्याइतकाच महत्त्वाचा. तो बहुधा घरातला असतो, भाऊ, मेहुणा किंवा मोठा मुलगा, कारण जिवाचा प्रश्न असताना अनोळखी माणसाच्या हाती दोर देण्यास कोणी तयार नसते. फांदीने दोराला झटका दिला तर त्यावर येणारा ताण फांदीच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. गुरांसाठी किंवा विहिरीसाठी वापरून जुना झालेला दोर अशा वेळी दगा देतो. तरीही अनेकांकडे तोच दोर असतो. गिर्यारोहकांचे दोर आणि पट्टे चांगले, पण ते नागपूर-पुण्याच्या दुकानांत मिळतात आणि एका संचाच्या किमतीत या माणसाचे कित्येक दिवसांचे घर चालते.

संपूर्ण झाड पाडायचे असेल तर ते ज्या दिशेला पडायला हवे त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घेतात. तिची खोली बुंध्याच्या जाडीच्या पाव भागाच्या आसपास. त्यानंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या थोडे वर, करवत चालवतात. या दोन कापांच्या मध्ये लाकडाची एक पट्टी जाणीवपूर्वक शिल्लक ठेवतात, बुंध्याच्या जाडीच्या साधारण एक दशांश. दाराला जशी बिजागरी, तशी झाडाला ही पट्टी. तिच्यावर झाड वळते आणि ठरल्या दिशेला झुकते. घाईत ही पट्टीही कापली गेली तर झाड बुंध्यावरून घसरून कोठेही जाऊ शकते. आणि खाच न घेता मागूनच कापत गेले तर ताणाखालचे खोड उभे चिरते, त्याचा मागचा भाग उसळून वर येतो आणि करवत धरणाऱ्याच्या छातीवर आदळतो. जगभरात जंगलतोडीच्या कामात मृत्यूचे हे एक परिचित कारण आहे.

झाड करकरू लागले की कापणारा करवत सोडून तिरका मागे सरकतो. सरळ मागे नाही, कारण बुंधा मागे उसळू शकतो. आणि बाजूलाही नाही, कारण झाड फिरू शकते. ही पळवाट काम सुरू करण्यापूर्वीच झुडपे तोडून मोकळी करून ठेवायची असते. नवखा माणूस नेमके हेच विसरतो.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत पहाडावरही पोहोचली आहे. दोघांनी अर्धा दिवस ओढायच्या करवतीचे काम ती काही मिनिटांत करते. पण तिच्यामुळे धोका कमी झाला असे नाही. साखळीचे टोक लाकडाला अचानक लागले की यंत्र झटक्याने उलटे फिरून तोंडाकडे येते. हेल्मेट, जाळीचा चष्मा, साखळी अडकून थांबेल असा जाड तंतूंचा पायजमा, ही साधने यंत्राबरोबर विकत घेतलेली क्वचितच दिसतात. कुऱ्हाड निदान चुकल्यावर थांबते.

छाटणी म्हणजे शस्त्रक्रिया

पोटासाठी तोड असली तरी या माणसाचे बरेचसे काम छाटणीचे असते. येथे मात्र शहरी आणि ग्रामीण मालक सारख्याच चुका करतात. ‘शेंडा उडवून टाका, म्हणजे पुन्हा पुन्हा त्रास नको’, ही मागणी जिवतीच्या वाडीवर होते तशीच पुण्याच्या सोसायटीतही होते. शेंडा उडवलेले झाड घाबरल्यासारखे चहूबाजूंनी फुटवे सोडते. हे फुटवे सालीजवळ वरवर चिकटलेले असतात, आतल्या लाकडात त्यांची मुळे नसतात. काही वर्षांनी ते जाड होतात आणि वादळात तेच सर्वांत आधी कोसळतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेली छाटणी धोका वाढवून ठेवते.

फांदी खोडाला जेथे मिळते तेथे सालीची एक फुगीर कड असते. फांदी कापल्यावर जखम याच कडेच्या पेशींमुळे भरते. म्हणून ही कड राखून, तिच्या किंचित बाहेर कापायचे असते. खोडाशी अगदी सपाट कापले तर कड जाते आणि जखम उघडी राहते. लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि कुज आत शिरते. शिवाय जड फांदी एका कापात तोडली तर ती पडताना खोडाची साल लांबवर सोलत नेते. यावर उपाय तीन कापांचा. पहिला काप खोडापासून हातभर दूर, फांदीच्या खालून. दुसरा त्याच्याही पलीकडे, वरून. याने फांदी पडते आणि साल खालच्या कापापाशी थांबते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट कडेशी काढायचा. पुस्तक न वाचलेले अनेक जुने कारागीर हे असेच करतात. विचारले तर ‘साल निघू नये म्हणून’ एवढेच उत्तर मिळते आणि ते पुरेसे असते.

जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची पद्धत मात्र आता मोडीत निघाली आहे. अमेरिकेच्या वन विभागातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी-आडवी चिरून पाहिली आणि १९७०च्या दशकात दाखवून दिले की, झाड प्राण्यासारखे जखम बरी करत नाही. ते जखमेभोवती आतून भिंती उभारते आणि कुजलेला भाग कायमचा कोंडून टाकते. वरून लावलेला लेप त्या भिंतीला मदत करत नाही. पोकळ ढोलीत सिमेंट भरण्याचा एकेकाळचा लोकप्रिय उपायही याच कारणाने मागे पडला. कडक सिमेंट वाऱ्यात डोलणाऱ्या खोडाला आतून घासते आणि झाडाने उभारलेल्या भिंतीच फोडते. भारतातील अनेक शहरांत आजही जुन्या वडा-पिंपळाच्या पोटात सिमेंट दिसते, ही गोष्ट वेगळी.

पहाडावरचे आणखी एक नेहमीचे काम बांडगुळाचे. आंब्यावर आणि मोहावर वाढणारे हे झुडूप यजमान झाडाच्या लाकडात आपली मुळे रोवून त्याचे पाणी घेते. नुसते खुडले तर पुन्हा फुटते. ज्या फांदीवर ते बसले आहे ती फांदीच बांडगुळाच्या खालून कापावी लागते. मोहाच्या बाबतीत यासाठी मालक हात आखडता घेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गळणारी मोहफुले हे गोंड आणि कोलाम कुटुंबांचे रोख उत्पन्न असते. मोह सहसा तोडायला दिला जात नाही. तो जगवायला दिला जातो. गोंड परंपरेत ऐनाच्या झाडात देव मानण्याची रीत आहे. काम घेताना कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे बाहेरून आलेल्याला सांगावे लागते, गावच्या माणसाला ते ठाऊकच असते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पाने जाळीदार होऊन तपकिरी पडतात, तेव्हा झाड मेले समजून तोडायला बोलावणारेही असतात. ही करामत पाने कुरतडणाऱ्या अळीची. तिने खाल्लेला साग पुढच्या हंगामात पुन्हा हिरवा होतो. अशा वेळी ‘तोडू नका जी, पानं येतील’ असे सांगून परत फिरणारा कारागीर स्वतःची रोजी बुडवतो.

झाड माझे, जमीन कोणाची?

झाड उतरवण्याची विद्या एकीकडे आणि कागदाची विद्या दुसरीकडे. शहरी भागात १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणून संरक्षण मिळाले आणि एका झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचा नियम आला. ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. साग, चंदन, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, हिरडा, ऐन, बिजा, तिवस, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी मिळाल्यावर झाडावर क्रमांक पडतो, बुंध्यावर हातोड्याचा शिक्का उमटतो, आणि तोडल्यानंतर लाकूड हलवण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. बुंध्यावरचा शिक्का शाबूत ठेवून कापणे ही कारागिराची जबाबदारी. तो शिक्का गेला तर कायदेशीर तोडही चोरीची ठरण्याची भीती असते.

जमीन आदिवासी शेतकऱ्याची असेल तर १९६९चा वेगळा कायदा आहे. सावकार आणि लाकूड ठेकेदार आदिवासींकडून मातीमोल भावाने साग घेत, त्याला आळा घालण्यासाठी तो आला. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तोड, वाहतूक, विक्री यांची व्यवस्था वन विभागामार्फत करण्याची तरतूद आहे. हेतू चांगला आहे यात शंका नाही. मात्र स्वतंत्र कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत किमती झाडांचे काम त्याच्या हाताबाहेर जाते. त्याच्या वाट्याला उरतात बांधावरच्या बाभळी, निंब, घरावर आलेल्या फांद्या आणि वादळाने पाडलेली झाडे.

जिवतीत याहून खोल एक गुंता आहे. राजुरा परिसर १९५६पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या वारशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. जिवती हा स्वतंत्र तालुका झाला तो २००२ मध्ये. या प्रवासात जमिनीच्या नोंदी तीन प्रशासनांच्या हातांतून गेल्या. त्यातच १९६०-७०च्या दशकांत मराठवाड्यातून, विशेषतः १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास, अनेक कुटुंबे पोट भरण्यासाठी पहाडावर आली, त्यांनी जमीन वाहती केली आणि ती येथेच राहिली. मूळचे गोंड, कोलाम, त्यांच्याबरोबर बंजारा आणि मराठवाड्यातून आलेले दलित व इतर समाज अशी येथील वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसली जाणारी बरीचशी जमीन कागदावर वन म्हणून नोंदलेली आहे आणि पट्ट्यांसाठीची मागणी अनेक वर्षे चालू आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना दिलासा दिला. बिगर आदिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. जे कुटुंब १९७२ मध्ये आले ते १९३०चा पुरावा कोठून आणणार? आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला त्या जमिनीवरील झाड तोडण्याची परवानगी मागता येत नाही. त्याच्या घरावर वाकलेला साग वाळला, पावसाळ्यात पडणार हे डोळ्यांना दिसते, तरी तो तोडणे कायद्याच्या भाषेत वनगुन्हा. अशा घराचा मालक कारागिराला बोलावतो आणि हळू आवाजात विचारतो, ‘भाऊ, काही करता येईल काय?’

हा प्रश्न कारागिराला सर्वाधिक अडचणीचा. काम केले तर भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा त्याच्यावरही दाखल होऊ शकतो, कुऱ्हाड, करवत आणि सायकल जप्त होऊ शकते. तोडलेल्या लाकडाशेजारी उभा असलेला तोच असतो, मालक घरात असतो. काम नाकारले आणि उद्या झाड कोसळले तर गावात तोंड दाखवता येत नाही. तहसील, वनपरिक्षेत्र कार्यालय आणि ग्रामपंचायत यांच्याकडे अर्ज करून धोकादायक झाडाचा पंचनामा करून घेण्याचा मार्ग आहे. पण तो पावसाआधी पूर्ण होईलच असे नाही.

त्यात राज्याच्या सीमेचा प्रश्न. तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा राहिलेला आहे आणि तेथील ग्रामस्थांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत राहिली आहेत. लाकडाला मात्र दोन नागरिकत्वे नसतात. सीमा ओलांडणाऱ्या गाडीकडे योग्य परवाना नसेल तर ती अडते.

हाच जिल्हा सागवानासाठी देशभर ओळखला जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून साग गेला, तेव्हा मिरवणूक निघाली होती. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क मिळवले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगलावर राबणाऱ्याला कागदावरचा अधिकार मिळाला की काय बदलते, याचे ते उदाहरण म्हणून सांगितले जाते. परंतु मेंढ्याला ग्रामसभा आहे. एकट्याने दोर घेऊन हिंडणाऱ्या कारागिराला अशी संस्था नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यात स्थापन झालेल्या जंगल कामगार सहकारी संस्था या मुख्यतः वनखात्याच्या कूपतोडीसाठी होत्या. घराघरांतील फुटकळ कामे करणारा त्यांच्याही बाहेर राहिला.

गुत्ता आणि जळतण

मोबदला ठरतो तो बहुधा गुत्त्याने, म्हणजे अख्ख्या कामाचा एकच आकडा. झाड पाहून, दोन माणसे आणि दीड दिवस लागतील असा अंदाज करून तो सांगितला जातो. मालक त्यात कपात करतो. मग तोडगा निघतो तो फांद्यांवर, बारीक लाकूड कारागिराने न्यावे. जळतणाची ही गाडी मजुरीचाच भाग. गॅसचे सिलिंडर पहाडावर पोहोचले असले तरी चुली विझलेल्या नाहीत, त्यामुळे जळतणाला गिऱ्हाईक मिळते. मात्र तेथेही जात पाहावी लागते. परवाना लागणाऱ्या जातीचे लाकूड सायकलवर बांधून नेणे महागात पडते.

अंदाज चुकला तर तोटा त्याचाच. आतून पोकळ निघालेल्या झाडाला दुप्पट वेळ लागतो, खोडात जुना खिळा किंवा तारेचा तुकडा निघाला तर करवतीचे दात जातात. शेताच्या बांधावरची झाडे वर्षानुवर्षे कुंपणाच्या तारा गिळत असतात. धार लावणे हे रोजचे विनामोबदला काम. कानस घेऊन संध्याकाळी तासभर त्यातच जातो.

विजेच्या तारांजवळचे काम हा वेगळा विषय. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी ओल्या फांदीतून प्रवाह येतो. वीजपुरवठा बंद करून घेण्यासाठी लाइनमनला गाठावे लागते. तो येईपर्यंत अर्धा दिवस गेला की मालक म्हणतो, तुम्ही सांभाळून करा ना. या ‘सांभाळून’ शब्दाने किती जीव गेले याचा हिशेब कोणत्याच कार्यालयात स्वतंत्र ठेवला जात नाही.

अपघात झाला तर काय? नोकरीतील कामगाराला भरपाईचा कायदा आहे, पण स्वतःच स्वतःचा मालक असलेल्याला तो लागू होत नाही. शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. तिच्यात मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. पण तिचा आधार सात-बारा. जिवतीत नेमका तोच अनेकांकडे नाही. उरते ती केंद्राची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. २०१५ मध्ये वर्षाला १२ रुपये हप्त्यावर सुरू झालेल्या या योजनेचा हप्ता २०२२पासून २० रुपये आहे. बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही ती घेता येते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि अंशतः अपंगत्वासाठी एक लाख रुपये मिळतात. ३१ मेपूर्वी खात्यात २० रुपये शिल्लक असावे लागतात, एवढीच अट बहुतेकांची चुकते. मे महिना म्हणजे झाडावरच्या कामाचा भर, आणि बँकेसाठी घाट उतरून जायचे तर एक दिवसाची रोजी बुडते.

मृगाचा पाऊस पडला की साली निसरड्या होतात आणि चढाईचे काम जवळजवळ थांबते. तेव्हा तोच माणूस कापसाच्या पेरणीला लागतो, किंवा तिवसाचे, बाभळीचे लाकूड तासून वखराचे आणि डवऱ्याचे सुटे भाग करून देतो. तेंदूपत्त्याचा हंगाम तोवर संपलेला असतो. दोर धुऊन, वाळवून घराच्या आढ्याला टांगतात. ओला दोर गुंडाळून ठेवला तर आतून कुजतो आणि वरून नवा दिसतो. पहिले वादळ झाले की मात्र तो पुन्हा खाली काढावा लागतो. कोणाच्या तरी गोठ्यावर झाड पडलेले असते, आणि पाऊस चालू असतानाच निरोप येतो.